क्रेटमधलं अंथरूण: आधी वाळण्याचा विचार, मग मऊपणाचा

कुत्र्याच्या क्रेटसाठी, म्हणजे त्याच्या झोपायच्या पिंजऱ्यासाठी, गादी घ्यायला गेलं की हात आपोआप मऊपणाकडे जातो. गादी दाबून बघायची, हाताला बरी लागली की घ्यायची, आणि धुण्याची काळजी लेबलवरच्या 'वॉशेबल' या एका शब्दावर सोपवायची. मग जुलै महिन्यात एका रात्री कुत्रं आत ओकतं किंवा शू करतं. अख्खी गादी धुतली जाते आणि तीन दिवस बाल्कनीच्या दांडीवर टपकत राहते. चौथ्या दिवशी ती वरून कोरडी लागते, पण नाक जवळ नेलं की कुबट वास येतो, कारण आतला फोम ओलाच असतो. मुंबईत, कोकणात, पुण्यातल्या बंद बाल्कनीच्या फ्लॅटमध्ये 'धुता येते का' एवढंच विचारून भागत नाही. ती किती तासांत वाळते, हे आधी विचारायला हवं.

म्हणून माझं ठाम मत आहे की क्रेटसाठी एक जाड गादी घेऊच नये. तीन थर करावेत. खाली फोम, त्याच्यावर पाणी अडवणारं कापड आणि सगळ्यात वर पातळ, रात्रीत वाळणारी खोळ. नेहमी धुवायची ती फक्त खोळ. मधलं कापड गरज पडेल तेव्हा. फोमला पाणी लागूच द्यायचं नाही. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत हीच रचना असते: गादी, मेणकापड, वर दुपटं. बाळाने ओलं केलं की दुपटं बदलतात, गादी कोणी नळाखाली धरत नाही.

पैशाच्या बाजूनेही हेच परवडतं. तयार जाड गादी बिघडली की सगळी टाकावी लागते. थरांमधली फाटते ती खोळ, आणि ती जुन्या चादरीतूनही निघते.

माप

क्रेट २४, ३०, ३६, ४२ आणि ४८ इंच अशा लांबीने विकतात. ढोबळमानाने पगला २४, बीगल किंवा कॉकर स्पॅनियलला ३०, मध्यम चणीच्या देशी कुत्र्याला ३६, लॅब्रॅडॉरला ४२ आणि मोठ्या जर्मन शेफर्डला ४८. गादीवरही हेच आकडे छापलेले असतात आणि घोळ तिथेच होतो. हा आकडा क्रेटच्या बाहेरच्या लांबीचा आहे. गादी बसते आतल्या ट्रेमध्ये, आणि ट्रेला कड असते, कोपरे गोल असतात. तेव्हा ट्रेच्या कडेच्या आत, जिथे तळ सपाट आहे तिथे टेप लावा आणि लांबी-रुंदीतून एक-एक इंच वजा करा. तळ ४१ बाय २७ इंच भरला तर गादी ४० बाय २६ ची. पुढची सगळी गणितं याच मापावर केली आहेत.

हा एक इंच का सोडायचा? गादी घट्ट बसली की तिच्या कडा वर उचलल्या जातात, कुत्रं मधल्या खळग्यात झोपतं आणि शू केली तर ती कडेने खाली उतरून ट्रेमध्ये साठते. उलट दोन-तीन इंच लहान घेतली तर कुत्रं कूस बदलताना ती सरकते आणि एका बाजूला उघडा ट्रे राहतो.

जाडीचा विचार करताना दोन गोष्टी सुटतात. एक म्हणजे डोक्यावरची जागा. कुत्रं ताठ बसल्यावर डोकं आणि वरची जाळी यांत निदान दोन-तीन बोटं अंतर राहिलं पाहिजे, आणि तीन इंचांची गादी हे अंतर सहज खाऊन टाकते. दुसरी गोष्ट दाराची. तारेच्या क्रेटचा ट्रे दाराखालच्या अरुंद फटीतून बाहेर ओढतात, त्यामुळे वर गादी असताना तो निघत नाही. आधी गादी दारातून काढावी लागते, आणि दाराची रुंदी ट्रेपेक्षा कमी असते. जी गादी वाकत नाही ती रोज रात्री दोन वाजता तुमच्याशी झटापट करणार. रिबॉन्डेडची, म्हणजे फोमचे तुकडे दाबून चिकटवलेली कडक, जड गादी क्रेटमध्ये मला पटत नाही त्याचं हे एक कारण.

चारही बाजूंनी लोड असलेली गादी फोटोत छान दिसते. पण ३६ बाय २३ च्या जागेत चारही बाजूंना ४ इंचांचे लोड आले की झोपायला उरते २८ बाय १५ ची पट्टी. शिवाय लोडमधला फायबर निघत नसेल तर अख्खा लोड धुवावा लागतो, आणि वाळायला सगळ्यात जास्त वेळ तोच घेतो. क्रेटच्या जाळीला टेकायची सवय असलेल्या कुत्र्यासाठी लोड हवाच असेल तर एकाच बाजूला, सुटा, स्वतःच्या खोळीचा ठेवा.

फोम घेताना वजन करा

फोम कुशनवाल्याकडे किंवा सोफा दुरुस्त करणाऱ्याकडे हव्या त्या मापाने कापून मिळतो. कटपीस विचारले तर बरेचदा स्वस्तात पडतो, कारण क्रेटसाठी लागणारा तुकडा सोफ्याच्या उरलेल्या मालातून निघतो. विचारायची ती डेन्सिटी. २३, २८, ३२, ४० असे आकडे दुकानदार सांगतील. हा आकडा म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. डेन्सिटी आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हलका फोमही सुरुवातीला कडक लागू शकतो, पण काही महिन्यांत बसतो. म्हणून हाताने दाबून डेन्सिटी कळत नाही. वजनाने कळते.

लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणाकार करा, त्याला डेन्सिटीने गुणा आणि ६१,०२४ ने भागा. कारण एका घनमीटरमध्ये ६१,०२४ घनइंच असतात. ४० बाय २६ बाय २ इंचांचा तुकडा ३२ डेन्सिटीचा असेल तर साधारण १ किलो ९० ग्रॅम भरेल. २८ चा असेल तर ९५० ग्रॅम, २३ चा असेल तर ७८० ग्रॅमच्या आसपास. ३२ म्हणून दिलेला तुकडा काट्यावर आठशे ग्रॅम दाखवत असेल तर तो ३२ चा नाही, मग दुकानदार काहीही म्हणो. वजन मार्करने फोमवरच लिहून ठेवा. पुढे त्याचा आणखी एक उपयोग आहे.

दहा किलोपर्यंतच्या कुत्र्याला एक इंच पुरतो. देशी किंवा बीगलच्या अंगाच्या कुत्र्याला दीड ते दोन इंच. लॅब्रॅडॉरसारख्या जड कुत्र्याला आणि वयस्कर किंवा सांधेदुखीच्या कुत्र्याला ४० डेन्सिटीचा दोन ते तीन इंच. खरी परीक्षा अशी: फोम जमिनीवर ठेवून त्यावर गुडघा टेकवा आणि अंगाचा भार हळूहळू द्या. फरशी गुडघ्याला लागली तर कुत्र्याच्या कोपरालाही लागणार. जड कुत्र्यांच्या कोपरावर काळे, केस गेलेले घट्टे पडतात, कधी पाण्याची मऊ गाठ येते, ती वारंवार कडक जमिनीवर अंग टाकल्यामुळे. अशा कुत्र्याच्या बाबतीत फोमवर काटकसर करू नका. खोळ जुन्या चादरीची चालेल.

फोमऐवजी काय चालतं? पिंजलेल्या कापसाची गादी क्रेटमध्ये नको. कापूस शू पितो, गोळे होतात, आणि धुता तर येतच नाही. सुटा पॉलिस्टर फायबर धुता येतो, पण मध्ये शिवणीचे कप्पे नसतील तर दोन धुण्यांत सगळा फायबर कडेला जातो आणि मधोमध नुसतं कापड उरतं. तयार गादी घेताना आडव्या-उभ्या शिवणी आहेत का ते म्हणूनच बघावं.

कमी खर्चातला माझा आवडता पर्याय योगा मॅट आहे. ६ ते ८ मिलिमीटर जाडीची साधी मॅट पाणी शोषत नाही, ओल्या फडक्याने पुसली की झालं. साधारण ७२ बाय २४ इंचांच्या एका मॅटमधून ३६ च्या क्रेटसाठी ३४ बाय २१ चे दोन तुकडे निघतात. एकावर एक ठेवले की सव्वा ते दीड सेंटिमीटरचा थर झाला. तरुण, सडसडीत कुत्र्याला एवढं पुरतं आणि वर वेगळं मेणकापडही लागत नाही. पॅकिंगमधली पांढरी फोमशीट यापेक्षाही स्वस्त, पण ती घसरते आणि दातात आली तर तिचा चुरा होतो. कुरतडणाऱ्या कुत्र्याच्या क्रेटमध्ये यातलं काहीच ठेवायचं नाही.

मधलं कापड

इथे रेक्झिन घेऊ नका. ते घड्यांवर तडकतं, उन्हाळ्यात चिकटतं आणि कुत्रं हललं की करकरतं. काही कुत्री त्या आवाजानेच क्रेटमध्ये पाय ठेवत नाहीत. टेबलावर घालायचं प्लॅस्टिक तसंच.

लहान बाळांचं ड्राय शीट या कामाला उत्तम आहे. त्याला खालून पाणी अडवणारा पातळ थर चिकटवलेला असतो आणि वरून ते मऊ असतं. मापंही सोयीची निघतात. ५० बाय ७० सेंटिमीटरचं शीट म्हणजे जवळपास २० बाय साडेसत्तावीस इंच, ३० च्या क्रेटला जमतं. ७० बाय १०० सेंटिमीटरचं म्हणजे साडेसत्तावीस बाय ३९ इंच, आपल्या ४० बाय २६ च्या फोमला जवळजवळ पुरं. रुंदीत उरलेली पट्टी दोन्ही बाजूंनी खाली दुमडा. ३६ च्या क्रेटला हेच मोठं शीट घेऊन चारही बाजूंनी फोमखाली दुमडलं तर पाणी कडेनेही आत जात नाही, ते सगळ्यात चांगलं.

शीट खोळीच्या आत, फोमच्या वर ठेवायचं. वर उघडं ठेवलं तर नखांनी भोकं पडतात, आणि टाचणीएवढ्या भोकातूनही फोम ओला होतो. त्याच कारणाने वरच्या बाजूला टीप मारायची नाही. शिवणकामातली सुई जिथे जाते तिथून पाणी झिरपतं. 'वॉटरप्रूफ' म्हणून विकलेल्या कितीतरी गाद्या कापडामुळे गळत नाहीत, वरच्या सजावटीच्या शिवणीतून आणि बाजूच्या चेनमधून गळतात. विकत घेतलेली किंवा घरी केलेली कुठलीही रचना असो, एकदा तपासा. वर मधोमध अर्धा ग्लास पाणी ओता, दहा मिनिटं थांबा, मग त्या जागी तळहाताने जोर द्या आणि खालच्या फोमवर टिश्यू पेपर दाबून बघा. नुसतं ओतून बघणं पुरेसं नाही. कुत्र्याच्या वजनाने पाणी खाली ढकललं जातं.

खोळीचं कापड आणि शिवण

कापड निवडताना तीन गोष्टी: किती लवकर वाळतं, नख अडकतं का, केस किती धरून ठेवतं.

फ्लीस, म्हणजे पॉलिस्टरचं ते मऊ ब्लँकेटचं कापड, पाणी कमी धरतं. मशीनमध्ये पिळून निघालं की पावसाळ्यातही पंख्याखाली रात्रभरात वाळतं. पावसाळ्यासाठी आणि थंडीसाठी हेच. केस चिकटतात, पण वरवरच. शेर्पा किंवा लांब लवेचं कापड मात्र टाळा, दहा-बारा धुण्यांत त्याच्या गुठळ्या होतात आणि केस आत विणल्यासारखे बसतात. सुती कॅनव्हास उकरणाऱ्या कुत्र्यासाठी चांगलं, उन्हाळ्यात गार लागतं, पण पावसात वाळायला दीड दिवस घेतं. सोलापुरी चादर मजबूत असते, नखांना दाद देत नाही, फक्त तिच्या टोकाचे गोंडे कापून दुमड घाला. टर्किश टॉवेल पाणी छान पितो, पण त्याच्या फासांत नख अडकतं. अंगठ्याचं नख वाढलेलं असेल तर झटका देताना ते मुळापासून सोलून निघू शकतं. टॉवेल वापरायचाच असेल तर झिजून सपाट झालेला वापरा.

गोधडीचं काय? जुन्या सुती साडीच्या तीन-चार थरांची पातळ गोधडी खोळीच्या वर टाकायला फार चांगली. घरातला वास तिला असतो, त्यामुळे नवं पिल्लू तिच्यावर लवकर रुळतं. सात-आठ थरांची जाड गोधडी मात्र पावसाळ्यात ओल्या गादीसारखीच वागते. आणि धावदोरा उसवू लागला की ती लगेच काढून घ्या, लोंबणारा दोरा कुत्र्याच्या पोटात जाणं धोक्याचं.

रंग फिका घ्या. मळ दिसतो म्हणून लोक गडद रंग घेतात, पण दिसायलाच तर हवा. फिक्या खोळीवर गोचीड चालताना दिसते, रक्ताचा किंवा पूचा डाग दिसतो, पिसवांची काळी पूड दिसते. ती पूड ओल्या टिश्यूवर घासली आणि तांबूस झाली तर समजा ती माती नाही, पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त.

आता शिवण. चेनपेक्षा उशीच्या अभ्र्यासारखी खोळ स्वस्त आणि टिकाऊ. तिचं तोंड तळाशी, एकमेकांवर ८ इंच चढलेल्या दोन झडपांचं. ४० बाय २६ बाय २ च्या फोमला ३६ इंच पन्ह्याच्या कापडातून लांबीच्या दिशेने गुंडाळायची असेल तर ९५ बाय २९ इंचांचा तुकडा लागतो: दोन्ही बाजूंची लांबी जाडीसकट ८४, चढणीचे ८, दोन टोकांच्या दुमडीचे ३. कोरं सुती कापड आटतं, म्हणून पावणेतीन मीटर घ्या आणि कापण्याआधी एकदा धुवून वाळवा. न धुता शिवली तर दुसऱ्या धुण्यानंतर खोळ फोमवर चढत नाही, आणि चढलीच तर फोमच्या कडा वर वळतात.

जुन्या डबल चादरीतून करायची तर रुंदीच्या दिशेने गुंडाळा. मग एका खोळीला ६७ बाय ४३ इंच पुरतात, आणि ९० बाय १०० च्या एका चादरीतून दोन खोळी निघतात. चादर आधीच शेकडो वेळा धुतलेली असल्यामुळे आटण्याची भीतीही नाही.

दोन टोकं दुमडून शिवा. कापड उलटं ठेवून ती टोकं मधोमध एकमेकांवर चढवा, बाजूच्या दोन उघड्या कडांना अर्धा इंच सोडून टीप मारा, तीही दुहेरी. मग चारही कोपरे चिमटीत धरून त्रिकोण करा आणि जिथे त्रिकोणाची रुंदी बरोबर २ इंच, म्हणजे फोमच्या जाडीएवढी आहे, तिथे आडवी टीप घाला. यामुळे खोळ डब्यासारखी चौकोनी बसते. हे कोपरे न घातलेली खोळ फोमच्या टोकांना सैल लोंबते, आणि कुत्रं नेमकं तेच टोक चघळायला घेतं. कडा ओव्हरलॉक करून घ्या, नाहीतर प्रत्येक धुण्याला दोरे सुटतील. दोरा पॉलिस्टरचा. सुती दोरा शूने आणि ओलाव्याने कुजतो.

चेनच हवी असेल तर ५ नंबरची नायलॉनची, एक लांब आणि एक आखूड बाजू मिळून काटकोनात, म्हणजे फोम न दुमडता आत जातो. खेचायची धातूची पट्टी काढून टाका.

किती खोळी? निदान दोन, पावसाळ्यात तीन. एक वापरात, एक दोरीवर, एक कपाटात. तयार गादी घेताना जादा खोळ सुटी मिळते का ते विचारा. मिळत नसेल तर ती गादी स्वस्त नाही.

धुणं

केस आधी, पाणी नंतर. खोळ कोरडी असतानाच झटका आणि रबराचा हातमोजा घालून एकाच दिशेने घासा, केसांच्या वळकट्या होऊन निघतात. केसांसकट मशीनमध्ये टाकली तर ते ओले होऊन घट्ट बसतात आणि उरलेले पंपाच्या जाळीत जातात.

शूची खोळ जमेल तितक्या लवकर साध्या पाण्याखाली धरा. मग अर्धी बादली पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घालून वीस मिनिटं भिजवा, नंतर नेहमीच्या पावडरीने धुवा. वास राहिलाच तर एन्झाइमचं क्लीनर किंवा एन्झाइम असलेली पावडर, कोमट पाण्यात, अर्ध्या तासाहून जास्त. कडकडीत पाण्यात एन्झाइम निकामी होतात. उलटी, विष्ठा, रक्त यांना सुरुवातीला गरम पाणी लावायचंच नाही, डाग आणि वास पक्का बसतो.

ब्लीचबद्दल एक इशारा. शू भरलेल्या किंवा व्हिनेगरमध्ये भिजलेल्या कापडावर ब्लीच ओतू नका, त्यातून निघणारा वायू छातीत जातो आणि तो माणसालाही घातक आहे. घरात पार्व्होचं (विषाणूमुळे होणाऱ्या उलट्या-जुलाबाच्या साथीच्या रोगाचं) पिल्लू होऊन गेलं असेल तर ब्लीच लागतं. तेव्हाही कापड आधी धुवून, स्वच्छ खंगाळून, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं. फोम तेव्हा टाकून द्यावा. हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो आणि फोमच्या आत ब्लीच नीट पोचत नाही.

फिनेल आणि पाण्यात दुधाळ होणारी जंतुनाशकं खोळीला नकोत. कापडात उरलेला अंश पोटाच्या आणि कोपराच्या उघड्या कातडीला झोंबतो, आणि घरात मांजर असेल तर तिच्यासाठी हे फिनॉल जातीचे पदार्थ विषारी आहेत. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रवही टाळा. ते धाग्यांवर थर धरतं आणि कापड पाणी शोषणं सोडतं. त्याऐवजी एक जादा खंगाळणं द्या.

ड्राय शीट मशीनमध्ये धुतलं तरी जोरात पिळायला लावू नका, विशेषतः वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये. पाणी अडवणाऱ्या कापडाच्या घडीत पाणी अडकतं, टबाचा तोल जातो आणि मशीन थाडथाड उडतं. हाताने निथळून दांडीवर टाका. इस्त्री आणि ब्लीच नाही.

खोळ आठवड्याला एकदा, पावसाळ्यात ओल्या पायांमुळे दोनदा. वाळली का हे मधल्या कापडावर नाही, दुहेरी शिवणीवर आणि कोपऱ्यावर गाल लावून बघा. ओल तिथे सगळ्यात शेवटी जाते.

गोचीड आणि पिसवा

आपल्याकडे कुत्र्यांवर दिसणारी तपकिरी गोचीड घरातच वाढते. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरते आणि फटीत, शिवणीत, गादीखाली हजारो अंडी घालते. एर्लिकिया आणि बबेसिया या रक्तातल्या जंतूंचे ताप हिच्यामुळे पसरतात. गार पाण्याच्या धुण्यात गोचीड बुडून मरेल असं धरू नका. तिला कोरडी उष्णता सोसत नाही. परदेशातल्या वाचकांकडे ड्रायर असतो, त्यांनी वाळलेली खोळ जास्तीत जास्त उष्णतेवर दहा-पंधरा मिनिटं फिरवावी. इथे सुती खोळीच्या शिवणींवरून कडक इस्त्री फिरवा. सुती खोळ ६० अंशांच्या पाण्यातही धुता येते, तेवढ्याने पिसवा आणि त्यांची अंडी मरतात. त्याच वेळी ट्रे बाहेर काढून त्याच्या खालची बाजू, क्रेटचे सांधे आणि भिंतीची कड बघा. नुसती खोळ धुवून गोचीड जात नाही, कुत्र्यावरचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू हवंच. गोठ्यात मारायचं फवारणीचं औषध अंथरुणावर कधीही मारू नका. कुत्रं तिथे रात्रभर तोंड टेकून झोपतं आणि चाटतं.

पिल्लू, कुरतडणारं कुत्रं, उन्हाळा

शूची सवय न लागलेल्या पिल्लाला जाड, शोषणारी गादी देणं चूक. शू खाली जाते, वरचं कोरडं राहतं, मग त्याला काही वाटत नाही आणि क्रेटमध्येच सवय लागते. चार-पाच महिन्यांपर्यंत ट्रेवर फ्लीसचा एक तुकडा पुरे. तो ओला झाला की लगेच बदलायचा.

जे कुत्रं कापड फाडून गिळतं, त्याच्या बंद क्रेटमध्ये कोणी लक्ष द्यायला नसताना काहीच ठेवू नका. उघडा ट्रे त्याला इजा करणार नाही, आतड्यात अडकलेला फोम करेल. सतत उलट्या, खाणं बंद, कुंथणं दिसलं तर थेट डॉक्टर. मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तो आत आतड्याला गुंडाळलेला असू शकतो आणि ओढल्याने आतडं कापलं जातं.

मे महिन्यात कुत्रं गादी पायाने कोपऱ्यात ढकलून उघड्या ट्रेवर झोपलं तर ती काढूनच टाका. त्याला गारवा हवा आहे. नागपूर, अकोल्याच्या कोरड्या उन्हात पंख्यासमोर ओलसर सुती कापड अंथरलं तर पाणी उडून जाताना खरंच गारवा मिळतो. तेच रत्नागिरीत किंवा मुंबईत केलं तर कापड ओलंच राहतं आणि पोटावर बुरशीचे चट्टे येतात. जाळीची उंच खाट उन्हाळ्यात छान, पण तिचे पाय सहा-सात इंचांचे असतात. क्रेटची उंची मोजल्याशिवाय घेऊ नका.

फोमला महिन्यातून एकदा हवा द्या. सावलीत उभा करून किंवा खोळीसकट तासभर सकाळच्या उन्हात. उघडा फोम दिवसभर उन्हात ठेवला तर पिवळा पडतो आणि भुसभुशीत होतो. आणि दर खेपेला तो काट्यावर ठेवा. मार्करने लिहिलेल्या आकड्यापेक्षा पन्नास-शंभर ग्रॅम जास्त भरला तर आत ओल आहे, म्हणजे ड्राय शीटला कुठेतरी भोक पडलंय. ते उजेडासमोर धरून शोधा, आणि फोम पहिल्या वजनावर येईपर्यंत खोळ चढवू नका.